‘श्यामची आई’ वाचताना देवाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात तुम्ही दोघंही देव न मानणारे, पूजाअर्चा नाही, लेक नऊ वर्षांची. आजोबांनी तिला वाढदिवसाला ‘श्यामची आई’ दिलं. तुम्ही ते चाळलंत तर पानोपानी देव, व्रतं, संध्या आणि नैवेद्य. नाही म्हणावं तर आजोबा दुखावणार, आणि वाचून दाखवावं तर जे घरात मुद्दाम आणलं नाही ते गोष्टीच्या निमित्ताने येणार. म्हणून तुम्ही विचारताय, की देवाचे उल्लेख गाळून वाचलं तर चालेल का, का ती मोठी होईपर्यंत पुस्तक कपाटात राहू द्यावं?

मी मराठीची शिक्षिका. वर्गात, आणि शाळा सुटल्यावर वाचनालयात मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना, हे पुस्तक बरीच वर्षं माझ्या हातात आहे. मीही देव मानत नाही, तेव्हा तुमची काळजी मला परकी नाही. माझं उत्तर असं: आत्ताच वाचा आणि देव गाळू नका. मात्र सगळ्या रात्री, म्हणजे या पुस्तकातली प्रकरणं, आत्ताच वाचू नका, आणि पहिल्या पानापासून तर सुरुवात नकोच. शिवाय तुम्ही ज्याला घाबरताय तो या पुस्तकातला सोपा भाग आहे. अवघड भाग दुसरीकडे आहे, त्याकडे येतेच.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. लेक स्वतः एकटी वाचणार असेल तर माझं उत्तर बदलेल. मग मी दोन वर्षं थांबा म्हणेन, कारण या पुस्तकाला शेजारी बोलायला माणूस लागतं. ती फार हळवी असेल, किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर शेवटच्या पाच रात्री सरळ बाजूला ठेवा. आणि आजोबांनी हे पुस्तक निव्वळ प्रेमाने दिलंय की ‘तुमच्या घरात संस्कार नाहीत’ हे सुचवायला दिलंय, हे तुम्हालाच माहीत. दुसरं असेल तर तो मोठ्यांचा वाद आहे, तो पुस्तकावर काढू नका.

आता गाळण्याबद्दल. असा प्रयोग करणारे पालक मला नेहमी भेटतात. अडचण अशी की या पुस्तकात देव सुटा काढता येत नाही. मांडणीच बघा ना. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मित्र जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगू लागतो. अशा बेचाळीस रात्री. गाव कोकणातलं, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, घर उतरती कळा लागलेल्या खोताचं. त्या घरात कोण कधी जेवणार, कोण कशाला शिवणार, फुलं कोण आणणार, हे सगळं देवधर्मावर ठरतं. तो काढलात तर घरच उरत नाही, उरते रडणारी आई आणि तिचा उपदेश. म्हणजे पुस्तकातला सर्वांत कमी रसाचा भाग तेवढा शिल्लक.

दुसरं म्हणजे मुलं हुशार असतात. वाचता वाचता तुमची नजर दोन ओळी खाली उतरली की शेजारी बसलेल्या मुलाला ते लगेच कळतं. मग त्याला त्या दोन ओळींतच रस.

एक उदाहरण देते. सहावी रात्र, ‘थोर अश्रू’. श्याम खेळून येतो, आंघोळ करतो. ओले तळवे जमिनीला लागले की माती चिकटणार, म्हणून तो हट्टाने आईला लुगड्याचा ओचा दगडावर पसरायला लावतो आणि त्यावर पाय ठेवतो. मग आई म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून एवढं जपतोस, तसं मनाला लागू नये म्हणूनही जप. देवाला सांग, शुद्ध बुद्धी दे. यातला पहिला भाग कुठल्याही घरात चालेल. दुसरा गाळण्याचा मोह तुम्हाला होईल. मी तो वाचते आणि विचारते, ‘मन स्वच्छ ठेवायचं काम मग कुणाचं? श्यामचं की देवाचं?’ एकदा एक मुलगा पटकन म्हणाला, ‘देवाला सांगून टाकलं की श्याम सुटला, त्याला काहीच करायला नको.’ त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘असं कसं? रोज सांगायचं म्हटलं की रोज आठवण तरी होते.’ दोघंही चौथीतली. ओळ गाळली असती तर हे बोलणं झालं नसतं. आणि आपला कल पहिल्याकडे असला तरी दुसरीचं म्हणणंही खोडून काढण्यासारखं नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

माझ्या वाचण्याची रीत यावरच उभी आहे. देव आला की मी बघते, इथे तो काय काम करतोय. पुष्कळदा तो फक्त घरातल्या वस्तूसारखा असतो. सांजवात, घंटा, देवघर, नैवेद्याचं ताट. तिथे थांबायचं कारणच नाही, सरळ वाचत जायचं. श्यामच्या घरी हे होतं, एवढंच. मुलांना सोवळं, पंचा, माजघर, संध्या हे शब्द समजावावे लागतात, ते चूल आणि उखळ समजावतो तसे समजावायचे.

कधी देव हे एखादी गोष्ट करण्याचं कारण म्हणून येतो. ‘मुकी फुले’ या रात्रीत मुलं पूजेला जास्त फुलं मिळावीत म्हणून आधीच कळ्या तोडून आणतात, आणि आई त्यांना अडवते, कळ्या झाडावर फुलू द्या म्हणते. मी विचारते, ‘घरात देव नसता तर आईने कळ्या तोडू दिल्या असत्या का?’ बहुतेक मुलं नाही म्हणतात, आणि मग का नाही याची कारणं आपापली शोधतात. एकदा ही सवय लागली की ती पुढच्या रात्रींत स्वतःच विचारतात. तपासून पाहिलंत तर लक्षात येईल की श्यामच्या आईच्या बहुतेक शिकवणीला देवाचा टेकू आहे, पण तो काढला तरी ती कोसळत नाही. ‘अळणी भाजी’ तर टेकूशिवायच आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, मुलं जेवतात, कुणी चकार शब्द काढत नाही. कष्टाने रांधलेलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी ती स्वतः जेवायला बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. मग ती उलट त्यांनाच म्हणते, सांगितलं का नाहीत? इथे दोन चांगुलपणे समोरासमोर येतात, आणि देवाला मध्ये पडायची गरज नाही. नऊ वर्षांच्या मुलीला यापेक्षा बरी सुरुवात नाही. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, ‘तू काय केलं असतंस?’ आणि तिचं उत्तर दुरुस्त करू नका.

तिसरं काम म्हणजे जगाबद्दलचा दावा. इथे मात्र आपण स्पष्ट बोलायचं. ‘सांब सदाशिव पाऊस दे’ मध्ये पाऊस ओढ देतो, गाव शंकराच्या देवळात जमतं, पिंडीवर पाणी घालतं, आणि आई श्यामलाही त्यात हातभार लावायला सांगते. मी मुलांना सांगते की पिंडीवर पाणी घातल्याने पाऊस पडत नाही. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारा येतो, सह्याद्री आडवा येतो म्हणून वर चढतो, थंड होतो, आणि म्हणून कोकणात धो धो पडतं. तो वारा क्षीण झाला की शिवभक्त आणि शिवभक्त नसलेला, दोघांची भातं सुकतात. हे सांगताना आवाज चढवायची किंवा त्या गावाला हसायची गरज नाही. कारण त्यापुढचा प्रश्न जास्त चांगला आहे. डोळ्यांदेखत रोपं करपतायत आणि हाताला काही करण्यासारखं नाही, तेव्हा गावाने काय करावं? घरोघर रडत बसावं, की एकत्र यावं? पाऊस का पडतो आणि माणसं का जमतात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलांना ते वेगळे करता आले तर मला तेवढं पुरतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी या पुस्तकात एक जागा फार सुंदर आहे. श्याम शिकायला दापोलीला असतो आणि केस वाढवून घरी येतो. वडील संतापतात, हे धर्माला सोडून आहे म्हणून. श्याम आईला विचारतो, केसांत कसला आलाय धर्म? म्हणजे आपल्या मनातला प्रश्न पुस्तकातल्या मुलानेच विचारून ठेवलाय. आईचं उत्तर पाहण्यासारखं आहे. ती शास्त्राचा आधार देत नाही. तिचं म्हणणं असं, की तू केस राखतोस तोही मोहच, आणि मोह सोडणं हा धर्म. वडिलांना दुखवू नकोस, हेही त्यात आहेच. माझ्या वर्गात यावर दर वेळी दोन तट पडतात. ‘आईने उत्तर दिलंच नाही, विषय बदलला’ असं म्हणणारा एक, आणि ‘बाबांसाठी एवढं केलं तर काय बिघडलं’ म्हणणारा दुसरा. मी पहिल्या तटाची. मला आईचं उत्तर पटत नाही, आणि मी ते मुलांना सांगते. मोह तर वडिलांनाही आहे, मुलाच्या डोक्यावर आपला शब्द चालावा याचा. पण हा वाद बारा-तेराव्या वर्षीचा. नऊला तो वाया जाईल.

आता अवघड भाग.

इहवादी घरात आपण देवाला चटकन ओळखतो, कारण त्याचं नाव लिहिलेलं असतं. जात आणि बाईचं दुय्यम असणं या गोष्टी तशा नाव घेऊन येत नाहीत, चांगुलपणाचे कपडे घालून येतात. पंचविसावी रात्र ‘देवाला सारी प्रिय’ घ्या. एक म्हातारी, पुस्तकात तिची जात महार अशी स्पष्ट सांगितली आहे, लाकडाची मोळी घेऊन चाललेली असते. मोळी खाली पडते आणि तिला ती एकटीने उचलवत नाही. रस्त्यावरचं कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

देवभक्त घरात ही रात्र वाचून डोळे पुसले जातात. देव न मानणाऱ्या घरातही तसंच होतं, फक्त शीर्षकातला देव ऐकून थोडं अवघडल्यासारखं होतं. पण शीर्षकातला देव इथे आपल्या बाजूचा आहे. खटकायला हवी ती आंघोळ. पहिल्या वाचनात मुलं ती ऐकतच नाहीत, मोळी उचलली याचाच आनंद असतो. म्हणून मी ते वाक्य पुन्हा वाचते आणि गप्प राहते. एकदा एका मुलाने विचारलं, ‘लाकडं घाण होती का?’ दुसऱ्याने त्याला समजावलं, ‘लाकडं नाही रे.’ आणि तो पुढे काही बोलला नाही. त्याला माहीत होतं. दहा वर्षांच्या मुलाला ते कुठून माहीत होतं, हे मी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ही रात्र मी मिश्र वर्गात वाचायची पद्धत बदलली. वर्गात जातीचा शब्द मोठ्याने उच्चारला की काही माना काही मुलांकडे वळतात. म्हणून गोष्टीच्या आधी मी अस्पृश्यता काय होती ते सांगते, ती करणाऱ्यांचा गुन्हा म्हणून सांगते, आणि राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने ती बंद केली हेही सांगते. मग गोष्ट. तुम्ही घरी वाचणार आहात, तुम्हाला ही अडचण नाही, पण क्रम तोच ठेवा.

आणि मग आईचं काय करायचं? वाईट ठरवायची का? मला वाटतं, तिने काय केलं आणि ती कुठे थांबली, दोन्ही सांगावं. रस्त्यावर इतकी माणसं असताना तिनेच मुलाला पाठवलं, लोक नावं ठेवतील हे माहीत असून पाठवलं. आणि विटाळ होतो हे तिने मनातून काढलं नव्हतं. दोन्ही खरं. लिहिणारे साने गुरुजी, म्हणजे मोठा झालेला श्यामच, तिथे थांबले नाहीत, हेही मुलांना सांगता येतं. पुस्तकाचा बराच भाग त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला. त्याच नाशकात काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झालेला होता. आणि पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं, मंदिर खुलं झालं. आईने सांगितलेली आंघोळ मुलाने पुढे सोडून दिली, असं मी मुलांना सांगते.

पण एवढ्याने भागत नाही. ही गोष्ट तरीही मोळी उचलणाऱ्या मुलाची आहे, म्हातारीची नाही. म्हणून तिच्या जोडीला मी दुसरी आठवण सांगते. गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यात, आणि डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यात. आंबेडकरांनी लहानपणीच्या एका प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे, १९०१ सालची. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे, तुमच्या लेकीएवढे. घरातली मुलं नवे कपडे घालून आनंदात आगगाडीने आंबेडकरांच्या वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, आणि जात कळताच मागे सरला. कुणी गाडीवान त्यांना नेईना. जवळ डबा होता, पण प्यायला पाणी कुणी देईना. या दोन गोष्टी लागोपाठ वाचल्या की मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. एकाच कोकणात मूळ असलेल्या, एकाच पिढीतल्या दोन मुलांचं बालपण त्यांच्या पुढ्यात असतं.

बाईचा प्रश्न पहिल्याच रात्री येतो, म्हणून मी पहिल्या पानापासून सुरू करू नका म्हटलं. ‘सावित्री-व्रत’ मध्ये आई तापाने अशक्त आहे आणि वडाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या आहेत. ती श्यामला माझ्याऐवजी तू घाल म्हणते. श्यामला लाज वाटते, बायकांमध्ये एकटा मुलगा, पोरं हसतील. आई म्हणते, लाज पापाची वाटावी, चांगल्या कामाची नाही. व्रत बाजूला ठेवलंत तर ही गोष्ट फार आधुनिक आहे. ‘बायकांचं काम’ करताना मुलग्याला वाटणारी लाज आई मोडून काढते. पण व्रत बाजूला ठेवता येत नाही, कारण मुली हमखास विचारतात, ‘आई आजारी आहे, तर बाबांनी आईसाठी व्रत का नाही केलं?’ याला पुस्तकात उत्तर नाही. त्या काळात कुणाला हा प्रश्नच पडत नव्हता, असंही मी सांगत नाही. मी म्हणते, ‘चांगलं विचारलंस,’ आणि घरी जाऊन आपापल्या घरातली कामं कोण कोणासाठी करतं ते बघायला सांगते. तुमच्या घरी बाबा वाचून दाखवणार असतील तर हा प्रश्न थेट त्यांच्यावर येईल. तयारीत राहा.

यातूनच मी देव न मानणाऱ्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. देव काढायचा आणि त्याच्या जागी आईला बसवायचं, हा या पुस्तकाच्या वाचनातला नेहमीचा घोटाळा आहे. मग आई चुकू शकत नाही, तिने उपास काढले तेही थोर, तिने मारलं तेही थोर. ‘श्यामचे पोहणे’ मध्ये श्याम पोहायला जायचं नाही म्हणून माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते, आणि तसाच विहिरीवर पाठवते. नंतर त्याचे वळ बघून तिलाच रडू येतं. मुलगा भित्रा निघू नये ही तिची तळमळ मला कळते. मारणं तरीही चूक होतं, हे मी वाचता वाचता सांगते. मुलं अशा वेळी आधी आपल्या तोंडाकडे बघतात, बाई आईला चूक म्हणाल्या! मग एकेक जण स्वतःचे अनुभव सांगायला लागतो. दिवाळीला मिळालेल्या पैशांतून आई स्वतःला काही न घेता वडिलांचं फाटकं धोतर बदलते, त्या रात्रीही हेच. तिचं प्रेम खरं आहे. आणि घरात सगळ्यांत शेवटी तिचंच लुगडं का यावं, हेही विचारायचं.

कर्जाच्या रात्री वगळून पालक पुढे जातात, कारण त्यांत ‘संस्कार’ दिसत नाहीत. मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. सावकाराचा माणूस वसुलीला घरी येऊन बसतो, आईचा अपमान करतो. पुढे घरावर जप्ती, गावात दवंडी. त्या घरातली माणसं रोज देवापुढे हात जोडतात, खोटं बोलत नाहीत, तरी हे होतं. एखादं मूल विचारतं, ‘मग देव काय करत होता?’ हा प्रश्न तुम्ही शिकवायचा नाही, तो आपोआप येऊ द्यायचा. आला तर व्याज म्हणजे काय ते कागदावर मांडून दाखवा. शंभर रुपये घेतले आणि फेडता आले नाहीत तर दहा वर्षांनी किती होतात ते. नशीब, पूर्वजन्म वगैरे स्पष्टीकरणांपेक्षा ते आकडे जास्त बोलतात. हेही अकरा-बाराव्या वर्षी.

मृत्यूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुस्तक तिथेच संपतं. आई जाते आणि श्याम वेळेवर पोचत नाही. नंतरच्या रात्रींत राख, अस्थी, श्राद्ध. देव न मानणाऱ्या घरात इथे अडचण होते, कारण ‘देवाघरी गेली’ हे सोपं वाक्य आपल्याकडे नसतं. आधी ‘भूतदया’ वाचा. त्यात पक्ष्याचं पिल्लू मुलं वाचवू पाहतात, ते वाचत नाही. पिल्लू कुठे गेलं असं लेक विचारेल तेव्हा जे उत्तर तुम्ही द्याल तेच पुढे आईच्या वेळी द्यायचंय, म्हणून ते आधी ठरवून ठेवा. मी म्हणते, शरीर थांबतं, त्याला मग दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येत नाही. श्राद्धाबद्दल सांगते, की गेलेल्या माणसाची आठवण काढायला एक दिवस राखून ठेवण्याची ही त्यांची पद्धत. आपल्याकडे कशी काढतात? कुणाच्या घरी त्या दिवशी आजीच्या हातची आमटी करतात, कुणी फोटोचा अल्बम काढतं. मूल लगेच स्वतःचं सांगतं.

तुमच्या लेकीसाठी मी लावलेला क्रम असा. आधी अळणी भाजी, पत्रावळ, मुकी फुले, श्यामचे पोहणे. मग थोर अश्रू आणि भूतदया. पावसाची रात्र जूनमध्ये वाचा, खिडकीबाहेरच सगळं समजावता येईल. मोळीची रात्र तिला अस्पृश्यता म्हणजे काय ते सांगून झाल्यावर. सावित्री-व्रत वटपौर्णिमेच्या आसपास, शेजारच्या काकू वडाला दोरा गुंडाळताना तिने पाहिल्या की प्रश्न ती स्वतःच विचारेल. केस, कर्ज आणि शेवटच्या रात्री दोन-तीन वर्षांनी. एका बैठकीत एकच रात्र. दोन वाचल्या की रडू जास्त होतं आणि बोलणं कमी.

पुस्तक उघडून अनुक्रमणिका मात्र बघून घ्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून या पुस्तकावर स्वामित्वहक्क नाही आणि ते कुणीही छापू शकतं. बाजारात पूर्ण आहेत तशा संक्षिप्त, सोप्या भाषेतल्या, चित्रांच्या आवृत्त्याही आहेत. बेचाळीस रात्री नसतील तर ती कुणीतरी आधीच गाळलेली प्रत आहे, आणि काय गाळायचं हे तुम्ही ठरवलेलं नाही.

राहता राहिले आजोबा. त्यांना एक-दोन रात्री वाचून दाखवायला बोलवा, आणि देवाचा भाग आला की त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू द्या, मध्ये तोंड घालू नका. त्या घरातले काही शब्द आणि रीती त्यांना तुमच्यापेक्षा जवळून माहीत असतील, तेवढा फायदा घ्या. कधीतरी लेक विचारेलच, ‘आजोबा देव आहे म्हणतात, तुम्ही नाही म्हणता, मग खरं कुणाचं?’ त्या वेळी आजोबा समोर असतील तर उत्तम. तुम्ही तुमचं कारण सांगा, ते त्यांचं सांगतील, आणि तिला विचारायचं असेल तेवढं विचारू द्या. निकाल त्याच दिवशी लागायला हवा असं काही नाही. फक्त एक गोष्ट आजोबांशी आधी बोलून घ्या: ती ज्या बाजूने बोलेल त्या बाजूला दोघांपैकी कुणीही ‘शाब्बास’ म्हणायचं नाही.